उन्हाळ्याच्या तोंडावर पिकलेली लाल वाइन

फेब्रुवारी उजाडला की नागपुरात बर्डीवर, गोकुळपेठेच्या बाजारात, कॉटन मार्केटच्या आसपास काळ्या द्राक्षांच्या गाड्या लागतात. नाशिक-सांगलीकडून आलेली ही द्राक्षं गोड असतात, साल पातळ, बी नाहीच. पाव किलो घरी पोचेपर्यंत निम्मी संपतात. आता याच राज्यातल्या काळ्या द्राक्षांची लाल वाइन पहिल्यांदा चाखणाऱ्याचा चेहरा आठवा. गोडीचा पत्ता नसतो, जीभ आंबटते, हिरड्या आवळून येतात. एवढ्या गोड फळाचं असं कसं झालं, हे पहिलं कोडं.

दुसरं कोडं जरा सरावलेल्यांचं. बाहेरदेशी जाऊन आलेली माणसं सांगतात, की फ्रान्स-इटलीची लाल वाइन मऊ लागते, आपली मात्र ‘गरम’ लागते आणि कधीकधी हिरवट. मग दोष द्राक्षाचा, मातीचा की बनवणाऱ्याचा, यावर गप्पा रंगतात. खरं तर बरंचसं उत्तर एका साध्या गोष्टीत आहे: द्राक्ष पिकतं त्या दिवसांत हवा थंडीकडे चाललेली असते की उन्हाळ्याकडे? युरोपातलं द्राक्ष थंडीच्या दिशेनं पिकतं, महाराष्ट्रातलं उन्हाळ्याच्या दिशेनं. हे लक्षात घेतलं, की आपल्या लाल वाइनची चव कळू लागते आणि तिला कुठल्या मापानं मोजायचं तेही कळतं.

रंग सालीत, गोडी गरात

काळं द्राक्ष मधोमध कापून पाहा. आतला गर हिरवट पांढरा असतो. जवळजवळ सगळ्याच काळ्या जातींचं हे असं आहे. पुण्याजवळच्या मांजरी इथल्या राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्रानं ‘मांजरी मेडिका’ नावाची जात काढली आहे, तिचा गरही लाल असतो. पण अशा जाती मोजक्याच. म्हणजे लाल वाइनचा लाल रंग रसातला नसून सालीतला आहे. जांभळाला, वांग्याच्या सालीला आणि कोकमाला रंग देणारी अँथोसायनिन या गटातली रंगद्रव्यंच काळ्या द्राक्षाच्या सालीत असतात.

पांढरी वाइन करताना द्राक्षं दाबून रस लगेच वेगळा काढतात, सालींना रजा मिळते. लाल वाइनसाठी मात्र फोडलेली द्राक्षं साल आणि बियांसकट टाकीत जातात. यीस्ट रसातली साखर खातं आणि तिचं अल्कोहोल व कार्बन डायऑक्साइड करतं. हा वायू वर येताना साली आपल्यासोबत वर ढकलतो आणि रसावर त्यांचा जाड थर तरंगू लागतो. तो तसाच राहिला तर वाळतो आणि बिघडतो. म्हणून दिवसातून काही वेळा तो थर खाली दाबतात, नाहीतर खालचा रस पंपानं उचलून त्याच्यावर सोडतात. हे आठवडाभर किंवा त्याहून जास्त चालतं. तयार होणारं अल्कोहोल आणि आंबण्यातली ऊब सालींतून रंग ओढून घेतात. सोबत आणखी एक गोष्ट ओढली जाते, तिचं नाव टॅनिन. तिच्याकडे येऊच.

पहिल्या कोड्याचं अर्धं उत्तर इथंच मिळतं. यीस्टनं जवळपास सगळी साखर संपवली, की गोडीच्या आड लपलेला आंबटपणा उघडा पडतो. तो खायच्या द्राक्षातही होताच, साखरेनं तो जाणवू दिला नव्हता. साखर किती होती यावर अल्कोहोल ठरतं. दर लिटर रसात सुमारे १७ ग्रॅम साखर असली, तर तिचं एक टक्का अल्कोहोल होतं. बागायतदार गोडी ‘ब्रिक्स’मध्ये मोजतात, शंभर ग्रॅम रसात जितके ग्रॅम साखर, साधारण तितके अंश ब्रिक्स. खायचं द्राक्ष १८ अंशांच्या आसपास काढलं तरी चालतं. लाल वाइनसाठी २२ ते २४ अंशांपर्यंत थांबतात आणि त्यातून तेरा-चौदा टक्क्यांची वाइन निघते.

वाइनचं द्राक्ष दिसायलाही वेगळं. मणी लहान, साल जाड, पोटात बिया. मणी जितका लहान तितकं रसाच्या मानानं सालीचं प्रमाण जास्त, म्हणून रंगही जास्त आणि तुरटपणाही. बाजारातल्या टपोऱ्या, पातळ सालीच्या काळ्या द्राक्षांची लाल वाइन केली तर ती फिकी आणि पोकळ लागेल.

तुरटपणा जिभेला ‘लागतो’ कसा?

आयुर्वेदानं सहा रसांमध्ये कषाय, म्हणजे तुरट, धरला आहे. आजचं शरीरशास्त्र त्याला मुख्यतः स्पर्शाच्या खात्यात टाकतं. आपल्या लाळेत काही प्रथिनं असतात, त्यांच्यामुळे तोंड आतून गुळगुळीत राहतं. टॅनिन या प्रथिनांना धरतं, त्यांच्या गुठळ्या होतात आणि तोंडातलं वंगण निघून जातं. मग जीभ टाळूला घासते. पहिल्या कोड्याचं उरलेलं अर्धं उत्तर हेच. जून-जुलैत जांभळं खाल्ल्यावर किंवा तोंडात हिरडा धरल्यावर जे होतं, ते हेच.

याचा प्रयोग घरीच होतो. कडक कोरा चहा घ्या, एक घोट तोंडात फिरवा. गालांच्या आतून खरखर जाणवेल. आता त्याच चहात दूध घाला. खरखर बरीच कमी होते, कारण चहातलं टॅनिन लाळेऐवजी दुधातल्या प्रथिनांना जाऊन चिकटतं. लाल वाइन मटणाबरोबर किंवा चीजबरोबर मऊ वाटते त्यामागं हेच आहे. टॅनिनला धरायला दुसरं काही मिळालं, की ते तुमच्या जिभेला सोडतं.

टॅनिन दोन ठिकाणांहून येतं, सालीतून आणि बियांतून. कच्च्या, हिरव्या बीचं टॅनिन कडवट आणि बोचरं. पिकून तपकिरी झालेली बी दाताखाली कुरकुरीत फुटते आणि तिच्यातून बोचरेपणा फारसा उतरत नाही. म्हणून तोडणीआधी वाइन बनवणारे बागेत फिरताना मणी चघळून बी दातानं फोडून पाहतात. साखर यंत्रावर मोजता येते, बी मात्र दातालाच कळते.

हिवाळा नसलेल्या मुलखातली वेल

वाइनच्या जुन्या पुस्तकी हिशेबात द्राक्षाची वाइन विषुववृत्तापासून ३० ते ५० अक्षांशांच्या पट्ट्यात व्हायची. नाशिक २० अंशांवर आहे, नागपूर २१ वर. या हिशेबानं आपला मुलूख यादीच्या बाहेर. कारण साधं आहे. युरोपात बर्फाळ हिवाळ्यात वेलीची पानं गळतात, ती झोपते, वसंतात जागी होते आणि वर्षाला एकदा फळते. आपल्याकडे तशी कडाक्याची थंडी नाही, त्यामुळे वेल झोपतच नाही. मोकळी सोडली तर ती वाढत राहील आणि फळाचा ताळमेळ बिघडेल.

हे काही आजचं निरीक्षण नाही. चौदाव्या शतकात दौलताबादला आलेल्या इब्न बतूतानं नोंदवून ठेवलं आहे, की तिथं द्राक्षं आणि डाळिंबं वर्षातून दोनदा येतात. न झोपणारी वेल दोनदा फळू शकते. प्रश्न एवढाच, की त्यातलं कोणतं फळ घ्यायचं?

विदर्भातल्या संत्रा बागायतदाराला हा प्रश्न नवा नाही. झाडाचं पाणी तोडून, ताण देऊन तो आंबिया बहार घ्यायचा की मृग बहार, हे स्वतः ठरवतो. द्राक्षवाला तेच काम कात्रीनं करतो. एप्रिलच्या सुमारास खरड छाटणी होते: काड्या अगदी आखूड छाटून नवी फूट घेतात. उन्हाळ्याच्या प्रखर उजेडात या नव्या काडीच्या डोळ्यांत पुढच्या घडाची बीजं धरली जातात. पावसाळाभर वेलीवर फळ ठेवत नाहीत, नाहीतर घड कुजायचे. मग सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये गोडी छाटणी, म्हणजे फळछाटणी. ते डोळे फुटतात, फुलोरा येतो, थंडीत मणी फुगतात, पुढे त्यांत पाणी उतरतं, म्हणजे ते मऊ पडून रंग धरू लागतात, आणि जानेवारीअखेर ते मार्चच्या दरम्यान वाइनच्या द्राक्षांची तोडणी होते. युरोपात हिवाळा जे काम करतो ते इथं छाटणारा मजूर करतो.

पिकण्याची उलटी दिशा

चवीचं मर्म या वेळापत्रकात आहे. फ्रान्सच्या बोर्दो भागात द्राक्षाला ऑगस्टमध्ये रंग चढू लागतो आणि तोडणी सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये होते. म्हणजे शेवटच्या आठवड्यांत दिवस थंड होत जातात, साखर सावकाश वाढते, आंबटपणा टिकतो आणि बिया-साली पिकायला सवड मिळते.

नाशिकमध्ये याच्या उलट. जानेवारीच्या पहाटे पारा दहा अंशांच्या खाली जातो. निफाडची थंडी तर दरवर्षी बातम्यांत असते. रंग चढायला ही थंड रात्र फार चांगली, कारण सालीतली रंगद्रव्यं गारव्यात तयार होतात आणि टिकतात. पण पुढचे आठवडे तापत जातात. मार्चच्या मध्याला दुपारचा पारा ३५ च्या वर पोचतो. नेमक्या शेवटच्या टप्प्यात साखर भराभर चढते.

त्याच वेळी आंबटपणाचं उलटं होतं. द्राक्षात मुख्य आम्लं दोन. एक टार्टारिक, जे चिंचेतही भरपूर असतं; ते उन्हाला सहजी दाद देत नाही. दुसरं मॅलिक, जे कच्च्या सफरचंदाला आंबट करतं. ते उष्ण दिवसांत आणि उष्ण रात्रींत मणी स्वतःच श्वसनात जाळून टाकतो. त्यामुळे उष्ण मुलखात साखर वर आणि आंबटपणा खाली, अशी कात्री तयार होते. वाइन बनवणाऱ्यापुढे दोन वाटा राहतात. साखर पुरेशी झाली म्हणून लवकर तोडलं, तर बिया आणि साली कच्च्या राहून वाइनला ढोबळी मिरचीसारखा हिरवट वास आणि बोचरा तुरटपणा येतो. हा वास देणाऱ्या द्रव्यांना पायराझिन म्हणतात, ती कॅबर्ने सोव्हिन्यों जातीत विशेष असतात आणि फळ पिकताना कमी होत जातात. बियांसाठी थांबलं, तर साखर फार चढते, अल्कोहोल वाढतं आणि घशाला ‘गरम’ लागतं. तेव्हा कमी पडलेल्या आंबटपणाची भरपाई बाहेरून टार्टारिक आम्ल घालून करतात. जगातल्या बऱ्याच उष्ण वाइन प्रदेशांत ही रीत आहे.

दुसरं कोडं इथं सुटतं. ‘हिरवट’ आणि ‘गरम’ हे दोन वेगळे दोष वाटले, तरी ते एकाच घाईची दोन टोकं आहेत. चांगला वाइनमेकर ती घाई आवरायला धडपडतो: उंचावरची जागा निवडतो, वेलीवर घड मोजकेच ठेवतो, दुपारच्या उन्हात घडावर पानांची सावली राहील अशी वेल बांधतो, तोडणी पहाटेच्या गारव्यात उरकतो. नाशिक समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटर उंच आहे, नागपूर जेमतेम ३१०. या उंचीमुळे तिथल्या रात्री गार होतात आणि मॅलिक आम्ल थोडंफार वाचतं.

नाशिक, अकलूज आणि जाती

महाराष्ट्रातल्या आधुनिक वाइनची सुरुवात नारायणगावची. शामराव चौगुले यांच्या शॅटो इंडाजनं १९८० च्या दशकात फ्रेंच तंत्रज्ञांच्या मदतीनं ‘ओमर खय्याम’ ही फेसाळ वाइन काढली आणि परदेशात विकली. नाशिकमध्ये राजीव सामंत यांच्या सुला या वायनरीची पहिली वाइन २००० साली आली, तीही पांढरी, सोव्हिन्यों ब्लां आणि शेनिन ब्लां या जातींची. २००१ साली राज्यानं द्राक्ष प्रक्रिया धोरण आणलं आणि वायनरी वाढल्या. या क्रमामुळे नाशिकची ओळख पांढऱ्या वाइनवर उभी राहिली आणि लाल वाइन मागच्या बाकावर बसली. ती मागेच राहावी असं काही नाही.

लाल जातींत इथं सर्वांत रुळलेली शिराज. तिला ऊन मानवतं, उष्ण वर्षातही ती जांभूळ-आलुबुखाराच्या वासाची, भरदार वाइन देते. शिराजमध्ये कधी काळ्या मिरीचा वास येतो, तो भास नव्हे. रोटंडोन नावाचं एकच द्रव्य मिरीत आणि शिराजच्या सालीत असतं. ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी ते २००८ मध्ये दाखवून दिलं. हे द्रव्य मुळात सापडलं होतं नागरमोथ्यात, दिवाळीच्या उटण्यातल्या त्याच नागरमोथ्यात. गंमत अशी, की साधारण पाचातल्या एका माणसाला रोटंडोनचा वासच येत नाही. तेव्हा एकाच टेबलावर एकाला मिरी जाणवली आणि दुसऱ्याला नाही, तर दोघंही खरं बोलत असतात.

सोलापूर जिल्ह्यात अकलूजजवळ फ्रातेल्लीचे मळे आहेत. मोहिते-पाटील कुटुंब आणि इटालियन भागीदार यांच्या या कंपनीत पिएरो मासी या टस्कनीच्या वाइनमेकरनं सांजोव्हेसे ही इटालियन जात वाढवली. तिच्यात आंबटपणा मुळातच जास्त. उष्ण मुलखात कमी पडणारी नेमकी तीच गोष्ट ती सोबत आणते. त्यांच्या ‘सेत्ते’ या वाइनमध्ये सांजोव्हेसे आणि कॅबर्ने सोव्हिन्यों एकत्र येतात. तुलना करून चाखायचं असेल, तर नाशिकची शिराज आणि अकलूजची सांजोव्हेसे शेजारी शेजारी ठेवा. पहिलीत भरदारपणा, दुसरीत आंबट धार. दोन्ही उन्हाळ्याच्या तोंडावरच पिकलेल्या, तरी जात बदलली की तोंडात केवढा फरक पडतो ते कळतं.

नागपूरची खोली आणि वाइनची ‘खोली’

लाल वाइन खोलीच्या तापमानाला द्यावी, असं सगळीकडे वाचायला मिळतं. ही खोली युरोपातल्या जुन्या दगडी घरातली, १६ ते १८ अंशांची. नागपूरची मे महिन्यातली खोली तिच्या दुप्पट तापते. ३५ अंशांवर अल्कोहोल झपाट्यानं उडतं, नाकाला झोंबतं, फळाचा वास त्याच्याखाली दबतो आणि आंबटपणा हरवतो. आधीच भरदार असलेली आपली शिराज अशा वेळी अधिकच ‘गरम’ वाटते. आपल्या लाल वाइनबद्दलच्या कितीतरी तक्रारी खरं तर या तापमानाच्या आहेत.

उपाय सोपा. उन्हाळ्यात बाटली दीड-दोन तास फ्रिजमध्ये ठेवा, किंवा बर्फ घातलेल्या पाण्यात पंधरा-वीस मिनिटं. नुसत्या बर्फापेक्षा बर्फाचं पाणी लवकर गार करतं, कारण ते बाटलीला सगळीकडून भिडतं. मात्र अगदी थंडगार करू नका; गारव्यात टॅनिन अधिक बोचतं आणि वास मिटतो.

विकत घेतानाही डोळे उघडे हवेत. नाशिक ते नागपूर सुमारे सातशे किलोमीटर, त्यात वाटेतल्या गोदामांचा उकाडा. फार तापलेली वाइन शिजवलेल्या जॅमसारखी लागते. बूच वर सरकलेलं दिसलं, कडेला चिकट ओघळ दिसला किंवा बाटली दुकानाच्या उन्हाच्या काचेत उभी असली, तर ती तिथंच राहू द्या. आपल्याकडच्या बहुतेक लाल वाइन तीन-चार वर्षांत संपवण्यासाठीच बनवलेल्या असतात, तेव्हा जुनी म्हणजे चांगली हा हिशेबही इथं लावू नये.

सावजीसोबत काय होतं?

नागपूरकर हा प्रश्न विचारणारच. सावजी मटणाचा घास आणि वर चौदा टक्क्यांची लाल वाइन, तर आग का होते? मिरचीतलं कॅप्सायसिन तोंडातल्या उष्णता ओळखणाऱ्या मज्जातंतूंना फसवतं. एरवी साधारण ४३ अंशांच्या वर पेटणारा हा इशारा मिरचीमुळे आधीच पेटतो. अल्कोहोलही याच इशाऱ्याचा उंबरठा खाली आणतं. दोघं एकत्र आले की तोंडाची स्वतःची ऊबही जाळ वाटते. त्यात टॅनिननं तोंडातलं वंगण काढून घेतलेलं असतं.

म्हणून सावजीसोबत जड, लाकडी पिंपात मुरवलेली वाइन नको. कमी टॅनिनची, कमी अल्कोहोलची, थोडी गार केलेली हलकी लाल वाइन चालून जाते. भरदार शिराजला मात्र कमी तिखटाचा, तूप-तेलात परतलेला मटणाचा सुका प्रकार जास्त मानवतो. चहातल्या दुधाचं काम तिथं मटण करतं.

चाखायचं कसं?

पेल्यात दोन-तीन घोटांपुरतीच ओता. पांढऱ्या कागदावर पेला तिरका धरून कडेचा रंग पाहा: जांभळट असेल तर वाइन तरुण, विटकरी असेल तर वयस्क. मग पेला फिरवून वास घ्या. जांभूळ, आलुबुखार, मिरी, की ढोबळी मिरची? शेवटचा वास फार असेल तर द्राक्ष घाईनं तोडलेलं. आता घोट तोंडात फिरवा आणि तीन प्रश्न विचारा. जिभेच्या कडेनं लाळ सुटली का? तो आंबटपणा. गाल कुठं घासतात? ते टॅनिन, आणि ते बोचरं आहे की मऊ, यावरून बियांची पक्वता कळते. घोट गेल्यावर घसा तापला का? ते अल्कोहोल. तिघांपैकी एकाचीच आठवण उरली, तर तोल गेलेला आहे.

चाखणं म्हणजे गिळणं नव्हे. व्यवसायानं चाखणारे घोट थुंकतात, कारण वास आणि चव तोंडातच कळते. लाल वाइन हृदयाला चांगली, हा समज मनातून काढा. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते अल्कोहोलचं कोणतंही प्रमाण सुरक्षित नाही. महाराष्ट्रात वाइनसाठी वयाची अट २१ वर्षांची आहे आणि परवानाही लागतो. शिवाय नागपूर विभागातले वर्धा आणि गडचिरोली हे जिल्हे दारूबंदीचे आहेत, तिकडे जाताना बाटली सोबत नको.

थोडक्यात

- लाल रंग आणि तुरटपणा सालीतून व बियांतून येतो. साखरेचं अल्कोहोल झालं, की आंबटपणा उघडा पडतो.
- तुरटपणा हा मुख्यतः स्पर्श आहे: टॅनिन लाळेतली प्रथिनं धरतं. मांसातली किंवा दुधातली प्रथिनं त्याला मऊ करतात.
- महाराष्ट्रात दोन छाटण्या करून हिवाळ्यात फळ वाढवतात. ते उन्हाळ्याकडे पिकतं, त्यामुळे साखर घाईनं चढते आणि आंबटपणा घटतो.
- ‘हिरवट’ म्हणजे लवकर तोडलेलं, ‘गरम’ म्हणजे उशिरा तोडलेलं. या दोन्हींमध्ये तोल साधलेली वाइन ही इथली चांगली लाल वाइन.
- नागपुरात ती १६ ते १८ अंशांपर्यंत गार करूनच पेल्यात ओतावी.
- पहिल्यांदा चाखताना नाशिकची शिराज आणि अकलूजची सांजोव्हेसे शेजारी ठेवा.